सात दगड, आठ पौंड

इथे माणसांना दगडांत मोजतात.
ग्रिम्सबीत आले त्या वर्षी दवाखान्यातली बाई म्हणाली,
सात दगड, आठ पौंड.
मला वाटलं, चला, एवढे दगड पदरी आहेत
तर निदान समुद्राच्या वाऱ्यात उभी तरी राहीन.

कसली उभी राहते.
क्लीथॉर्प्सच्या धक्क्यावर मकरंद
माझ्या कोटाचा पट्टा धरून चालतो,
मांजा धरल्यासारखा.

शालूआत्या फोनवर म्हणते, पाप्याचं पितर झालीयेस.
ट्रेसी जेवणाच्या सुट्टीत म्हणते, नशीबवान आहेस बाई,
आणि आपला पाल्याचा डबा रागाने उघडते.
दोघींनाही सांगितलेलं नाही
की काल रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभी राहून
मी शेंगदाण्याच्या बटरची बरणी खरवडत होते,
आणि तिसऱ्या चमच्याला घसा मिटला,
आत गिऱ्हाईक असताना दुकानाचं शटर पडावं तसा.

खाल्लेलं जातं कुठे?
हे आईने विचारलं, पीटीच्या सरांनी विचारलं,
लग्नाच्या आधी सासूबाईंनी दुसऱ्या शब्दांत विचारलं.
रिपोर्ट सगळे नॉर्मल.
ठेवणच अशी, म्हणाले डॉक्टर.
पँट मी शाळेच्या गणवेशांतून घेते, वय वर्षं तेरा.
तिच्यावर कर लागत नाही,
या हाडांनी मिळवून दिलेला एवढाच नफा.

पण आताचं हे सगळं एका पिशवीसाठी.

मोटरवेवर गाडी उलटली त्या फेब्रुवारीत
मकरंदला चार पिशव्या रक्त चढलं.
चार माणसं. नावं कुणी सांगत नाही.
एखादं बर्फाच्या शेडमध्ये हॅडॉक सोलत असेल,
एखादं आतापर्यंत गेलंही असेल.
ज्याला चढलं त्याला पुन्हा देता येत नाही, इथला नियम.
मग घरात उरले मी.

चर्चच्या हॉलमध्ये बर्निस नावाच्या नर्सने विचारलं, वजन?
काटा नव्हता तिथे. नुसता प्रश्न होता.
पन्नास म्हटलं असतं तर पन्नास झाले असते.
तोंडातून निघालं, अठ्ठेचाळीस.
तिने पेन खाली ठेवलं. पन्नास लागतात गं, राणी.

दोन किलो.
म्हणजे साखरेच्या दोन पुड्या.
किती वेळा आणल्यात मी हातातून, बस चुकली तर चालत.
त्या फक्त पिशवीतून अंगात न्यायच्या होत्या.

मग साय, केळी, आत्याचे डिंकाचे लाडू
(कस्टमवाल्यांनी एक फोडून पाहिलेला),
शनिवारी व्हिनेगरमध्ये भिजलेले चिप्स.
भूक नसताना जेवणं ही नोकरी आहे,
तिला रविवार नाही.
ऑक्टोबरात एकोणपन्नास पॉइंट दोन!
मकरंद पेढे आणायला निघालाच होता.
नोव्हेंबरात तीन दिवस ताप आला
आणि काट्याने सगळं सव्याज वसूल केलं.
कौतुकाने मूठभर मांस चढतं म्हणतात.
ते पाहिलं करून. नाही चढत.

परवा हॉलबाहेर पुन्हा बोर्ड लागला.
उगाच गेले.
बर्निसने वजन विचारलं नाही,
चहाच्या टेबलाकडे बोट केलं, तिथली बाई आजारी होती.
दुपारभर मी रक्त दिलेल्यांना बिस्किटं वाटली.
मानेवर नांगर गोंदलेला एक धिप्पाड गडी
खुर्चीतून उठताना झोकांडला,
तो माझ्यावरच.
आणि मी हलले नाही.
कशी, ते मला विचारू नका.

भानावर आल्यावर त्याने मला खालीवर न्याहाळलं,
स्वतःच्या बशीतली दोन बिस्किटं माझ्या हातावर ठेवली.
तूच खा पोरी, म्हणाला.
एक खाल्लं. एक खिशात टाकलं.

काटा न्हाणीघरात पडून आहे, मी चढलेले नाही.
रात्री कोट टांगताना
खिशात चुरा लागला बोटांना.
अंधारातच उभी राहून
तोही खाल्ला.